तेहतीस हजार सहा जागा

बेडूक क्रमांक अठ्ठ्याऐंशी हजार दोनशे दहा हिरवा आहे. त्याला चष्मा आहे. त्याच्या मालकाला त्याला कधीच हात लावता येणार नाही.

एका बाईला चपलांचा जोड विकत घ्यावा लागतो आणि त्यातली एकच वापरता येते.

शुक्रवार, पाच ते पाच वीस.

सर्व्हरच्या खोलीबाहेर पाटी : काचेवर टेकू नये.

"रांग मोडणारा माणूस सख्ख्या आईच्या अंत्ययात्रेतही पुढे घुसेल." हे वाक्य एका परिषदेत बोललं गेलं, टाळ्या पडल्या, पुढे ते ऑफिसच्या मगांवर छापून आलं.

सेकंदाला चौदा.

*

सेकंदाला चौदा नोंदी, एवढाच त्या नेटवर्कचा घास होता. नेटवर्क एका आभासी चलनाचं, पण नुसती नाणी इकडची तिकडे करणारं नव्हे. त्यावर करार चढवता येत. करार म्हणजे कागद नाही, प्रोग्रॅम. अट पुरी झाली की तो आपला आपण अंमल करतो. वकील नाही, साहेब नाही, 'उद्या या' नाही. आणि एकदा चढवला की लिहिणाऱ्यालाही एकट्याने बदलता येत नाही. लोकांनी घरभाडं त्यावर टाकलं, विमा टाकला, दवाखान्यांच्या हम्या टाकल्या.

मग बेडूक आले. कुणीतरी बेडकांची चित्रं विकण्याचा खेळ काढला आणि दीड लाख शहाणी माणसं त्यामागे धावली. चौदाच्या दाराशी रांग लागली ती चाळीस मिनिटांची.

रांगेचा प्रोग्रॅम जिने लिहिला ती मुख्य इंजिनिअर. तोंडावर मॅडम, माघारी रांगवाली. तिच्या प्रोग्रॅममध्ये एकच धर्म होता : जो आधी आला तो आधी. जास्त पैसे भरून पुढे जाता येत नसे, ओळखीने तर नाहीच. प्रत्येक नोंदीला आल्याच्या क्षणाची पावती मिळे आणि ती जगात कुणालाही बघता येई. एखादी नोंद आपल्या जागी नाही असं दिसलं तर सात दिवसांत कुणीही आक्षेप घ्यावा. सिद्ध झाला, की नोंद आपल्या खऱ्या जागी परत जाई आणि तिथपासून पुढचं सगळं नव्याने मोजलं जाई.

मगांवरचं वाक्य तिचंच.

तिचा घटस्फोटित नवरा त्याच कंपनीत, निम्म्याचा भागीदार. तो कोड लिहीत नसे. स्टेजवर उभा राहून कंपनीविषयी बोलत असे. त्याला भोंगा म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला ते आवडायचं.

*

घटस्फोट झाला तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. तिची आठवड्याची वाटणी दोघांनी मिळून लिहिली, एका दुपारी, शेजारी शेजारी बसून. लग्नात एवढ्या गुण्यागोविंदाने त्यांनी काहीच केलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते वाचलं, "म्हणजे मला काम नाही," म्हणाले आणि शिक्का मारला.

कलम ४. दर शुक्रवारी संध्याकाळी पाच ते पाच वीस या वेळेत वडील 'दिली' आणि आई 'आली' अशी नोंद करतील.

कलम ५. पाच वीसच्या आत 'आली' ही नोंद नेटवर्कवर बसली नाही तर आई गैरहजर.

कलम ६. एका वर्षात तीन गैरहजेऱ्या झाल्यास आईचा शनिवार-रविवारचा हक्क कायमचा संपेल. उरेल तो महिन्यातून एक तास, तिसऱ्या व्यक्तीसमोर.

कलम ९. बदल फक्त दोघांच्या सह्यांनी.

गैरहजेरीचं कारण काय, हे विचारणारं कलम त्यांनी लिहिलं नाही. कारणं माणसांना लागतात, असं तेव्हा दोघांचंही मत होतं.

*

पहिली गैरहजेरी. मुलगी तिच्या समोर जमिनीवर बसून बुटाची गाठ सोडत होती. आईने पाच वाजून एक मिनिटाने 'आली' दाबलं. पुढे चौतीस हजार बेडूक होते. नोंद बसली पाच बेचाळीसला. मुलीला खायला देऊन झालं होतं.

दुसरी गैरहजेरी. तसंच, फक्त या वेळी बेडकांना टोप्या आल्या होत्या. ती सर्व्हरच्या खोलीबाहेर मुलीचं दप्तर धरून उभी होती. आत काका. काका म्हणजे नेटवर्क चालवणारा ऑपरेटर, वय त्रेपन्न, कंपनीतला सर्वांत जुना माणूस. जुन्या नोंदींचं गाठोडं कुठे सोडायचं, कुठे बांधायचं, हे त्याच्या बोटांना पाठ होतं.

काकाने दार किलकिलं केलं. "मॅडम, तुमची नोंद घेऊ का थोडी पुढे? पोरीचा प्रश्न आहे. कुणाला कळायचं नाही."

"कळणार नाही हे तुम्हाला कसं माहीत, काका?"

काकाची नजर पडद्याकडे गेली. तिथेच तो संपला.

तिने मुलीला काकाच्याच खुर्चीवर बसवलं आणि महिन्याभराच्या पावत्या काढल्या. पाऊण तासात सापडलं. आदल्या दिवशी, गुरुवारी, काकाने एक नोंद सहाशे जागा पुढे आणली होती. बायकोच्या ऑपरेशनची दवाखान्याची हमी. दवाखान्याचा करार सहाला बंद होई आणि ती नोंद एरवी चाळीस सेकंद उशिरा पोचली असती.

"साखर वाढलीय तिची, पायात गेलीय," काका म्हणाला. "उद्या सकाळी ऑपरेशन आहे. चाळीस सेकंद, मॅडम."

"चाळीस सेकंद म्हणजे सहाशे माणसं."

"बेडूक होते हो सगळे. मी बघितलं ना. एक माणूस नव्हता त्यात."

"बेडूकही रांगेत उभा होता."

आक्षेप तिने स्वतः दाखल केला. नेटवर्कच्या इतिहासातला तो पहिला. हमी रद्द झाली, काकाची नोकरी गेली, ऑपरेशन शनिवारचं मंगळवारवर गेलं. पाय मंगळवारपर्यंत थांबला नाही.

भोंग्याने तो किस्सा तीन देशांत सांगितला. नाव न घेता. "आमच्याकडे आपला-परका नाही," तो सांगे, आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवत.

*

सेकंदाला एक हजार नऊशे.

हे तिने पुढच्या आठ महिन्यांत केलं. एकेक नोंद मुख्य साखळीवर, म्हणजे नेटवर्कच्या मूळ नोंदवहीवर, न्यायचीच नाही. हजारो नोंदी बाजूला मोजायच्या, त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि गठ्ठ्याचा फक्त गोषवारा साखळीवर टाकायचा. नियम तेच : पावती, आल्याचा क्रम, सात दिवसांचा आक्षेप. एका मार्गाशेजारी दुसरा मार्ग, शंभर पटींनी रुंद. हा मार्ग सुरू झाला की कुठल्याही शुक्रवारी, कितीही बेडूक आले तरी, तिची नोंद सेकंदात बसणार होती. तिने तो जगासाठी बांधला असं भोंगा सांगत फिरला. तिने तो वीस मिनिटांसाठी बांधला होता.

वर्ष संपायला तीन आठवडे राहिले होते. गैरहजेऱ्या दोन.

मीटिंगमध्ये भोंगा म्हणाला, "शुक्रवार. चार ते सहा जुनं बंद, सहाला नवं सुरू. मधल्या वेळात लोक नोंदी पाठवत राहतील, त्या नुसत्या रांगेत साठतील. जाहीर करून टाकलंय, चार लाख लोक डोळे लावून बसलेत."

"शनिवारी करू," ती म्हणाली.

"का?"

"गर्दी कमी असते."

"शुक्रवारी सर्वांत कमी असते, असं तुझाच अहवाल सांगतो. पान सात."

"मग रविवार."

"मॅडम, कारण सांगा ना," भोंगा म्हणाला. "तांत्रिक आहे?"

टेबलाभोवती नऊ जण होते. नऊही जण आपापल्या लॅपटॉपमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले.

"तांत्रिक नाही."

"मग घरगुती आहे का? असेल तर सांग. आपण चार लाख लोकांना कळवू, की बाबांनो थांबा, आमच्या घरी जरा काम आहे."

कुणीतरी हसलं, आणि मग खोकल्यासारखं केलं.

जिन्यात तिने त्याला गाठलं. "मुद्दाम केलंस."

"शपथेवर सांगतो, शुक्रवार डोक्यातच नव्हता. तू तोंड उघडलंस तेव्हा आठवलं."

"मग बदल."

"आता? आता बदललं तर आधी मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

"कलम नऊ आहे. एका शुक्रवारची सूट दे. सही कर."

"अगं, तो बदल साऱ्या जगाला दिसतो. आपण दोघं म्हणजे कंपनीची जाहिरात आहोत. 'ज्यांनी पोटचं पोरसुद्धा कोडच्या हवाली केलं.' हे वाक्य माझं नाही हं, तुझं आहे." तो दोन पायऱ्या उतरला आणि वळला. "तू एवढी हुशार आहेस. दोन तासांचं काम तासाभरात कर की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

*

शुक्रवार. तीन पंचावन्न. तिने सर्व्हरच्या खोलीतून फोन लावला.

"काका, मी बोलतेय."

"ओळखलं. आवाज तोच आहे."

"जुन्या नोंदी नव्या मार्गावर उचलायच्या आहेत. पद्धतशीर केलं तर दोन तास लागतात. तुम्ही एकदा..."

"एकदा पंच्याहत्तर मिनिटांत केलं होतं. हो." पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. "किती वाजेपर्यंत हवंय?"

"पाच वीसच्या आत."

"शुक्रवार आहे, होय," तो म्हणाला. "लिहून घ्या. मी सांगतो तेवढंच टाइप करायचं. आपली अक्कल मध्ये घालायची नाही."

चार वाजता नेटवर्क थांबलं. काका एकेक कमांड सांगत गेला, न चिडता, न चुकता, कुरिअरवाल्याला पत्ता सांगावा तसा. बाहेर रांग साठत होती. पन्नास हजार. एक लाख दहा हजार. दोन लाख.

पाचला भोंगा मुलीला घेऊन काचेपलीकडे उभा राहिला. मुलगी सात वर्षांची, शाळेच्या कपड्यांत. त्याने घड्याळ बघून ठीक पाचला 'दिली' दाबलं. आत, आईच्या डाव्या हाताशी तिचा फोन होता. दोन्ही हात कीबोर्डवर होते.

"आता थांबायचं नाही," काका म्हणाला. "या टप्प्यात बोट उचललं तर पहिल्यापासून."

मुलीने काचेवर टकटक केली. काकाने आकडे सांगितले, तिने टाइप केले. मुलीने हात हलवला. आणखी आकडे.

पाच वाजून चार मिनिटांनी तिला एक हात मोकळा मिळाला. तिने 'आली' दाबलं. पावती आली : रांगेतला क्रमांक चार लाख बारा हजार सहा.

पाच वाजून सोळा मिनिटं चाळीस सेकंदांनी नवा मार्ग उघडला. ठरल्या वेळेच्या त्रेचाळीस मिनिटं आधी. बाहेर कुणीतरी ओरडलं, खुर्च्या सरकल्या. आकडा फिरू लागला, सेकंदाला एक हजार नऊशे, एक नोंद इकडची तिकडे नाही. एवढं सुंदर काही तिने आयुष्यात केलं नव्हतं.

तिने भागाकार केला. तिला भागाकार करायला अर्धा सेकंद लागे. चार लाख बारा हजार सहा भागिले एक हजार नऊशे. दोनशे सतरा सेकंद. उरले होते दोनशे.

सतरा सेकंद.

तिने भागाकार पुन्हा केला. भागाकार तोच होता.

"झालं ना, मॅडम?" फोनमधून काका म्हणाला. "मग मी ठेवू? हिचं ड्रेसिंग करायचंय."

"एक मिनिट."

तिने टाइप करायला सुरुवात केली. रांग तिनेच लिहिली होती, तिचं मागचं दारही तिलाच ठाऊक होतं. क्रमांक चार लाख बारा हजार सहा. नवी जागा : तीन लाख एकोणऐंशी हजार. तेहतीस हजार सहा जागा पुढे. एंटर.

फोन अजून चालू होता. काका कीबोर्डच्या आवाजावरून कमांड ओळखायचा, हे तिला माहीत होतं. तीस वर्षं त्याने दुसरं काही ऐकलंच नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला, "ही मी सांगितली नव्हती."

त्याने फोन ठेवला.

नोंद बसली पाच वीसला अर्धा सेकंद कमी असताना. हजर.

*

शनिवारी तिने मुलीला पोहायला नेलं. पाण्याच्या कडेला बसून ती फोन बघत राहिली.

"आई, बघितलंस? मी डोकं आत घातलं!"

"बघितलं."

"कधी?"

"आत्ता."

"आत्ता नाही घातलं. मगाशी घातलं."

रविवारी आक्षेप नाही. सोमवारी नाही. मंगळवारी भोंगा ऑफिसात मिठी मारायला आला. त्रेचाळीस मिनिटांची बातमी सगळीकडे पोचली होती. त्याने पावत्या बघितल्याच नव्हत्या. त्याला पावत्या वाचता येत नसत. ज्याची भीती होती तो बावळट निघाला, म्हणून बुधवारी रात्री तिला झोप लागली.

गुरुवारी संध्याकाळी सहा दहाला आक्षेप दाखल झाला. सोबत पुरावा दोन ओळींचा : पावतीवरचा क्रमांक, आणि प्रत्यक्षातली जागा. नवा मार्ग अचूक होता. अकरा मिनिटांत गठ्ठा उलगडला, नोंद आपल्या जागी गेली, पुढचं सगळं पुन्हा मोजलं गेलं. तेहतीस हजार सहा नोंदी एकेक घर पुढे सरकल्या आणि कुणाचं काही बदललं नाही. फक्त एका करारात तीन हा आकडा पुरा झाला आणि कलम सहा आपलं आपण लागू झालं.

ती काकाच्या घरी गेली. त्याने दार उघडलं, पण आत या म्हणाला नाही.

"सहा दिवस का थांबलात?" तिने विचारलं. "करायचं होतं तर त्याच रात्री करायचं."

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"तुम्ही स्वतः कळवाल म्हणून. तुमचा केवढा भरवसा होता मला, मॅडम. बायकोशी पैज लावली होती मी. म्हटलं, ती बाई वाईट आहे, पण खोटी नाही."

आतून बायकोने विचारलं, "कोण आहे हो?"

"कुणी नाही. ऑफिसातलं."

"माझं सोडा," ती म्हणाली. "पोरीचा तरी विचार करायचा होता काका."

"केला ना. तुम्ही केला होता तेवढाच." त्याने दाराला हात लावला. "आणि एक. माझे सहाशे होते. तुमचे तेहतीस हजार सहा. कुंपणानेच शेत खाल्लं, तेही पोट भरून."

*

महिन्याभराने परिषद. भोंगा स्टेजवर, मागे पडद्यावर ११ हा आकडा, दोन माणसांएवढा उंच.

"अकरा मिनिटं! नव्या मार्गावरचा पहिला आक्षेप, अकरा मिनिटांत निकाल. चूक कुणाची होती? आमच्याच मुख्य इंजिनिअरची. या नेटवर्कची जी आई, तिची. नेटवर्कने तिलाही सोडलं नाही. मला सांगा, याहून चांगली चाचणी पैसे देऊन तरी करून घेता आली असती का?"

ती पहिल्या रांगेत बसली होती. तिला नोकरीवरून काढलं नव्हतं. उभं राहून टाळ्या घ्यायला सांगितलं, ती उभी राहिली. त्या आठवड्यात सात नव्या बँका आणि दोन विमा कंपन्यांनी करार चढवले.

पार्किंगमध्ये तिने त्याला शेवटचं विचारलं.

"केली असती गं सही," तो म्हणाला. खरोखर वाईट वाटल्यासारखा चेहरा होता. "आधी सांगितलं असतंस की जागा बदललीस, तर गुपचूप काहीतरी केलं असतं. आता लोक बघतायत."

*

रविवार, चार ते पाच. कोर्टाच्या इमारतीतली खोली. दोन खुर्च्या, एक बुटकं टेबल, भिंतीशी तिसरी व्यक्ती, म्हणजे स्वेटर विणणारी एक बाई. ती टाके मोजताना ओठ हलवत होती.

"बाबा म्हणाले तू उशिरा आलीस," मुलगी म्हणाली.

"हो."

"तू कुठे उशिरा आलीस? तू आतच होतीस. मी बघत होते तुला."

"मी आत होते. नोंद उशिरा झाली. सतरा सेकंद."

"आणि मी?"

"तू काय?"

"मी आले होते ना, पाचच्या आधी. बाबांनी चॉकलेटसुद्धा घेतलं वाटेत, तरी आधी आलो. ते नाही मोजलं?"

"ते मोजत नाहीत."

"का?"

तिला त्या कराराची प्रत्येक ओळ पाठ होती. मुलीने काही करायचं, किंवा मुलीने काही म्हणायचं, अशी एकही ओळ त्यात नव्हती.

"आम्ही लिहायला विसरलो," ती म्हणाली.

"दोघंही?"

"दोघंही."

मुलीने पाय खुर्चीवर घेतले आणि विणणाऱ्या बाईला विचारलं, "तुमचे किती टाके झाले?" बाईने सांगितलं. मुलगी उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली आणि सुया कशा फिरतात ते बघू लागली. पाचला पाच मिनिटं कमी होती. बाईने एक सुई तिच्या हातात दिली. आई टेबलाजवळ बसून राहिली. पाच वाजले.

सहा वर्षांपूर्वी मुलीने पहिलं पाऊल टाकलं तो गुरुवार होता. घरात फक्त सांभाळणारी बाई होती.